ऐंशी मिनिटं बोलका, नंतर मुका

रग्बीच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात रेफरीच्या अंगावर माइक असतो आणि तो जे बोलतो ते घरी बसलेल्या प्रेक्षकालाही ऐकू येतं. कुणी हात काढायचा, कुणी मागे सरायचं, बॉल कधी बाहेर आला, पुढच्या चुकीला कार्ड निघेल, हे सगळं तो मोठ्यानं सांगत असतो. पेनल्टी दिली की कुणाविरुद्ध आणि कशासाठी ते एका वाक्यात सांगतो. कर्णधार जवळ येऊन विचारतो, 'सर, नेमकं काय दिसलं?' आणि बहुतेक वेळा त्याला उत्तर मिळतं. पंचाला निर्णयाचं कारण तिथल्या तिथे द्यायला लावणारे खेळ फार नाहीत. रग्बीला या गोष्टीचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

मग शेवटची शिटी वाजते आणि सगळं चिडीचूप होतं. ज्या निर्णयानं सामना फिरला त्याबद्दल रेफरी सहसा जाहीरपणे बोलत नाही. त्याच्या वरिष्ठांनी काही कळवलंच तर ते संघाच्या प्रशिक्षकाला, खासगीत. बाकीच्या जगाच्या वाट्याला येते संथ गतीत पुन्हा पुन्हा फिरवलेली एक चित्रफीत आणि तिच्याभोवती साचलेला संताप.

पंचगिरीच्या वादांवर गेली वीसेक वर्षं एकच औषध दिलं जातंय. आणखी कॅमेरे, आणखी रिप्ले, आणखी एक अधिकारी आणखी एका खोलीत. माझं म्हणणं असं की हा डोस आता पुरे झाला. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं सामना संपल्यावरही बोलायला शिकावं. प्रत्येक आंतरराष्ट्रीय, म्हणजे कसोटी, सामन्यातल्या मोठ्या निर्णयांची कारणं, त्यातल्या चुकांसकट, ठरलेल्या दिवशी सगळ्यांसमोर ठेवावीत. वादळ उठलं म्हणून एखाद्या वेळी नव्हे, दर वेळी.

वाद नवे नाहीत, हे खरंच. १६ डिसेंबर १९०५ ला कार्डिफमध्ये वेल्सनं न्यूझीलंडला ३-० असं हरवलं. त्या दौऱ्यातला न्यूझीलंडचा हा एकमेव पराभव. बॉब डीन्सनं गोलरेषेपाशी झेप घेतली. ट्राय, म्हणजे बॉल गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं, झाला असं त्याचं म्हणणं होतं, स्कॉटलंडचा रेफरी जॉन डॅलसनं तो दिला नाही. डॅलस रोजच्या कपड्यांत आणि साध्या बुटांत पळत होता, तो पोहोचेपर्यंत वेल्सच्या खेळाडूंनी डीन्सला मागे ओढलं होतं, असं न्यूझीलंडवाले सांगत राहिले. डीन्सनं 'डेली मेल'ला तार करून बॉल रेषेच्या पलीकडे टेकल्याचं कळवलं. डॅलसही आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. डीन्स १९०८ मध्ये गेला. वाद अजून जिवंत आहे.

मला मात्र त्याच मैदानाच्या परिसरातला, १९७८ मधला प्रसंग जास्त बोलका वाटतो. पुन्हा वेल्स, पुन्हा न्यूझीलंड. शेवटच्या मिनिटांत वेल्स आघाडीवर. लाइनआउटमध्ये, म्हणजे बाहेर गेलेला बॉल आत फेकला जातो तेव्हा दोन्ही संघ रांगा लावून त्यासाठी झुंजतात त्यात, न्यूझीलंडचा अँडी हेडन कुणीतरी ढकलून दिल्यासारखा स्वतःच रांगेबाहेर पडला. शिटी वाजली, पेनल्टी मिळाली, ब्रायन मॅकेक्नीनं ती गोलच्या खांबांमधून मारून गुण मिळवले आणि न्यूझीलंड १३-१२ असा जिंकला. सोंग करून सामना चोरला, हा शिक्का तेव्हापासून पुसला गेलेला नाही. पण रेफरी रॉजर क्विटेंटनचं म्हणणं वेगळंच होतं. त्यानं पेनल्टी हेडनसाठी दिलीच नव्हती. रांगेच्या पुढच्या टोकाला वेल्सच्या जेफ व्हीलनं फ्रँक ऑलिव्हरच्या खांद्याचा आधार घेतला, त्यासाठी दिली होती. स्टेडियममधल्या हजारोंना आणि टीव्हीपुढच्या लाखोंना हे त्या क्षणी कळायची सोय नव्हती. कारण कळेपर्यंत दंतकथा तयार झाली होती, आणि दंतकथा तयार झाल्यावर खुलासा हा बचाव वाटतो. (याच मॅकेक्नीच्या नशिबी पुढे, फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्नला, क्रिकेटच्या मैदानावर, ट्रेव्हर चॅपेलनं जमिनीवरून घरंगळत टाकलेला तो चेंडू होता. खेळातल्या अन्यायाच्या दोन्ही बाजूंना उभं राहण्याचा असा योग फार कमी जणांना येतो.)

रग्बीचा रेफरी चुकतो यात नवल नाही, तो इतक्या वेळा बरोबर ठरतो यात आहे. रक म्हणजे काय ते एकदा जवळून पाहायला हवं. बॉल घेऊन धावणारा खाली पाडला जातो. पाडणाऱ्यानं त्याला लगेच सोडून बाजूला लोळायचं. पडलेल्यानं बॉल सोडायचा. मदतीला येणाऱ्यांनी मागच्या बाजूनं यायचं, कडेनं घुसायचं नाही, आणि पायांवर उभं राहायचं. विरुद्ध बाजूचा पहिला आलेला खेळाडू स्वतःच्या पायांवर तोल सांभाळून उभा असेल तर बॉलला हात घालू शकतो, पण एकदा दोन्हीकडचे एकमेकांना भिडले की नव्यानं कुणी हात घालायचा नाही. हे सगळं दोन-तीन सेकंदांत, सहा-आठ धिप्पाड देहांच्या ढिगाऱ्यात, आणि ढिगाऱ्यातल्या प्रत्येकाला नेमकं कुठपर्यंत खपतं हे पक्कं ठाऊक असतं. सामन्यात असे रक शंभराच्या पुढे होतात. कायद्याचं पुस्तक शब्दशः लावलं तर जवळजवळ प्रत्येक रकला शिटी वाजेल आणि खेळ कुणालाच बघवणार नाही. म्हणून रेफरी निवड करतो. हा हात आड आला, पण त्यानं फरक पडला का? तो पाय चुकीच्या बाजूला होता, पण बॉल तर सुटला ना? मग चालू दे.

म्हणजे रग्बीचा निर्णय बहुतेक वेळा 'काय झालं' याचा नसतो, 'जे झालं त्यातलं काय महत्त्वाचं' याचा असतो. आणि महत्त्व ठरवण्यात माणसामाणसात फरक पडणारच. ९ ऑक्टोबर २०११ ला वेलिंग्टनमध्ये, विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत, ऑस्ट्रेलियानं दक्षिण आफ्रिकेला ११-९ असं हरवलं. बॉल बहुतेक वेळ दक्षिण आफ्रिकेकडे, आणि रकमध्ये तो ओढून नेणारा ऑस्ट्रेलियाचा डेव्हिड पोकॉक. रेफरी ब्राइस लॉरेन्सनं पोकॉकला फारच मोकळं रान दिलं, ही तक्रार. यात एखादं चित्र थांबवून 'हा बघा गुन्हा' म्हणता येत नाही. तक्रार होती ती ऐंशी मिनिटांच्या एकूण धोरणाबद्दल. कोणता कॅमेरा ते दाखवणार होता? लॉरेन्स पुढच्या वर्षी पंचगिरीतून बाहेर पडला.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण सप्टेंबर २०२२ चं, मेलबर्नमधलं. ऑस्ट्रेलिया ३७-३४ असा पुढे, सामना संपत आलेला, आणि स्वतःच्या गोलरेषेजवळ त्यांना पेनल्टी मिळालेली. बर्नार्ड फोलीनं बॉल मैदानाबाहेर मारायचा की विषय संपला. तो वेळ काढत होता. फ्रेंच रेफरी मातिय रेनालनं घड्याळ थांबवलं, 'खेळ' म्हणून बजावलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा बजावलं. आणि मग सरळ न्यूझीलंडला स्क्रम दिला, म्हणजे दोन्हीकडच्या आठ-आठ जणांनी वाकून एकमेकांना रेटत बॉल मिळवायची झुंज. जॉर्डी बॅरेटनं ट्राय केला, ३९-३७. रेनाल पुस्तकाप्रमाणे बरोबर होता. पण त्या क्षणी, त्या कारणासाठी कसोटी सामन्यात पेनल्टी काढून घेतली जाईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पुस्तकात तर स्क्रममध्ये बॉल सरळ टाकावा असंही लिहिलंय आणि तो टाकणारे स्क्रमहाफ वर्षानुवर्षं तो बिनदिक्कत आपल्याच माणसांच्या पायाशी सारतात. मग कुठलं कलम जागं आहे आणि कुठलं झोपलेलं, हे खेळाडूंना कुणी सांगायचं? एक जागं करायचं ठरवलं होतं तर आधी दवंडी पिटायला काय हरकत होती?

आता कॅमेऱ्यांकडे येऊ. ६ ऑक्टोबर २००७, पुन्हा कार्डिफ, विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना. फ्रान्सच्या दामियाँ त्रायनं फ्रेडरिक मिशालाककडे दिलेला पास पुढे गेला. मिशालाक सुटला, यानिक जोझियाँनं ट्राय केला, फ्रान्स २०-१८ असा जिंकला आणि न्यूझीलंड घरी गेलं. रेफरी वेन बार्न्स अवघा २८ वर्षांचा होता. टीएमओ, म्हणजे पडद्यासमोर बसलेला सामना अधिकारी, तेव्हाही होता. पण त्याला फक्त गोलरेषेपाशी काय घडलं एवढंच विचारता येई. पास पुढे गेला का, हे विचारायची मुभाच नव्हती. बार्न्सचा उद्धार पुढची कित्येक वर्षं चालू राहिला, धमक्याही आल्या.

यातून काढलेला धडा सरळ होता. टीएमओचे हात लांब करा. पुढच्या काही वर्षांत ते केले गेले. ट्रायच्या आधीच्या दोन टप्प्यांपर्यंत (एका रकपासून पुढच्या रकपर्यंतचा खेळ म्हणजे एक टप्पा) मागे जायची परवानगी आली. ऐकायला ठीक वाटतं. पण फॉरवर्ड पासचंच घ्या. पूर्ण वेगात धावणाऱ्यानं हातातून मागे सोडलेला बॉलही त्याच्या स्वतःच्या वेगामुळे जमिनीच्या हिशेबात पुढे सरकतो. नियम विचारतो ते हातातून सुटताना बॉलची दिशा कोणती होती. कॅमेरा दाखवतो गवतावरचे पट्टे. अनेकदा निर्दोष पास पडद्यावर गुन्हेगार दिसतो. (त्रायचा पास त्यातला नव्हता, हे फ्रेंच चाहत्यांची माफी मागून.)

आणि मग २८ ऑक्टोबर २०२३. पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्सवर विश्वचषकाची अंतिम लढत, दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंड. शिटी पुन्हा बार्न्सकडे, आता तो जगातला सर्वात अनुभवी रेफरी. उत्तरार्धात न्यूझीलंडच्या ॲरन स्मिथनं ट्राय केला. टीएमओ टॉम फोलीनं बार्न्सच्या कानात सांगितलं की मागे लाइनआउटमध्ये अर्डी सव्हेआच्या हातून बॉल पुढे निसटला होता. चित्रात तो निसटलेला दिसत होता. ट्राय रद्द. अडचण अशी की तो लाइनआउट दोन टप्प्यांहून मागचा होता. म्हणजे फोलीनं सांगितलेली वस्तुस्थिती बरोबर, पण ती सांगायचा त्याला अधिकार नव्हता. दक्षिण आफ्रिका १२-११ असा, एका गुणानं जिंकला.

या एका प्रसंगात कॅमेऱ्यांच्या सगळ्या युक्तिवादाचं पितळ उघडं पडतं. सत्य सापडलं की न्याय झाला, अशी समजूत होती. इथे सत्य सापडलं आणि अन्यायाची भावना आणखी वाढली. लोकांना त्यातली निवड खुपत होती. त्याच सामन्यात असे बारीक निसटते हात आणखी झाले असतील. ते कुणी शोधले नाहीत, कारण त्यांच्यानंतर ट्राय झाला नव्हता. हा मुद्दा फारसा कुणी बोलत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. मागे जाऊन तपासणी होते ती ट्राय झाल्यावर. म्हणजे गुण मिळवणाऱ्याच्या बारीकसारीक चुका भिंगाखाली जातात. बचाव करणारा अर्धा मीटर ऑफसाइड उभा राहिला आणि त्यामुळे ट्राय झालाच नाही, तर ती गोष्ट कधीच मागे फिरवून बघितली जात नाही. धोकादायक खेळ असेल तरच अपवाद. रिप्लेचा काटा असा एका बाजूला झुकलेला आहे, आणि टप्पे दोनचे चार केले तर तो आणखी झुकेल.

बार्न्सनं त्या सामन्यानंतर आठवड्याभरात निवृत्ती जाहीर केली, १११ कसोटी सामने झाल्यावर. फोलीही आंतरराष्ट्रीय पंचगिरीतून बाजूला झाला. दोघांनाही आणि त्यांच्या कुटुंबीयांनाही काय काय ऐकून घ्यावं लागलं ते छापण्यासारखं नाही.

त्या अंतिम सामन्यातली दुसरी गोष्ट माझ्या मुद्द्याच्या अधिक जवळची आहे. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याला जेसी क्रिएलच्या डोक्याला खांदा लागला म्हणून पिवळं कार्ड मिळालं. मग प्रकरण 'बंकर'कडे गेलं. २०२३ मध्ये आलेली ही नवी सोय. वेगळ्या खोलीतला अधिकारी आठ मिनिटांत ठरवतो की पिवळ्याचं लाल करायचं का. केनचं लाल झालं. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बाहेर काढला गेलेला तो पहिला खेळाडू. पुढे दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसी यालाही सव्हेआच्या डोक्याला डोकं लागल्याबद्दल पिवळं मिळालं, तेही बंकरकडे गेलं, आणि ते पिवळंच राहिलं. दोन्ही निकालांचं समर्थन करता येतं. धक्क्याचा जोर, खाली वाकण्याचा प्रयत्न, अंतर, असे निकष ठरलेले आहेत. पण बंकरमध्ये ते निकष कसे लावले गेले हे प्रेक्षकाला ऐकूच येत नाही. रेफरी फक्त निकाल सांगतो. म्हणजे ज्या खेळानं पंचाचं मन उघडं करून दाखवायची पद्धत पाडली, त्यानंच सर्वात जड निर्णय बंद दाराआड नेला. सामन्यानंतरची शांतता आता ऐंशी मिनिटांच्या आतही शिरली आहे.

कारण ऐकू आलं की लोक मान्य करतात, असा माझा दावा नाही. १० फेब्रुवारी २०२४ ला एडिनबरोच्या मरेफील्डवर फ्रान्स २०-१६ असा पुढे होता, वेळ संपली होती, आणि स्कॉटलंडचे खेळाडू ढीग करून रेषेपलीकडे कोसळले. खाली सॅम स्किनर, त्याच्याकडे बॉल. रेफरी निक बेरीनं आधी सांगितलं : बॉल वरच अडला, ट्राय नाही. टीएमओ ब्रायन मॅकनीस बराच वेळ बघत राहिला. बॉल आधी एका बुटावर होता, मग खाली गवताकडे सरकल्यासारखा दिसत होता. ऐकणाऱ्यांना वाटलं, हा आता ट्राय देणार. मग तो म्हणाला, मैदानावरचा निर्णय फिरवण्याइतका पक्का पुरावा नाही. स्कॉटलंडमध्ये अर्थातच आगडोंब उसळला. पण भांडण कशावर झालं ते पाहा. आधी 'नाही' म्हटल्यामुळे पुराव्याचा भार कुणावर आला, आणि 'पक्का' म्हणजे किती पक्का, यावर. हे भांडण नियमाशी आहे, ते करता येतं, त्यातून नियम सुधारता येतो. ज्या निर्णयाचं कारण कळत नाही त्याच्याबद्दल एकच भांडण शक्य असतं : पंच विकला गेला होता की त्याला अक्कल नव्हती.

क्रिकेटनं ही गाठ 'अंपायर्स कॉल'नं सोडवली. त्यावरही शिव्या पडतात, पण यंत्रणेनं जाहीर कबूल केलंय की इथे एक धूसर पट्टा आहे आणि त्या पट्ट्यात माणसाचा शब्द चालेल. रग्बीत असा पट्टा क्रिकेटहून कितीतरी रुंद आहे. तो कबूल मात्र कुणी करत नाही.

आता सामन्यानंतरचं. रग्बीच्या प्रशासनानं एकदा तोंड उघडलं होतं, आणि ते कसं उघडू नये याचा तो वस्तुपाठ आहे. १८ ऑक्टोबर २०१५, ट्विकेनहॅम, विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना. पाऊस लागलेला. स्कॉटलंड ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३४-३२ असा पुढे, मिनिट-दोन मिनिटं उरलेली. स्कॉटलंडचा लाइनआउट फसला, बॉल त्यांच्याच खेळाडूला लागून पुढे गेला आणि पुढे उभ्या असलेल्या जॉन वेल्शनं तो झेलला. क्रेग जूबेअरनं ऑफसाइडची पेनल्टी दिली. बर्नार्ड फोलीनं ती मारली. ३५-३४. शेवटची शिटी वाजवून जूबेअर जो पळाला तो थेट ड्रेसिंग रूमकडच्या बोगद्यात. हस्तांदोलनालाही थांबला नाही. दुसऱ्या दिवशी वर्ल्ड रग्बीनं निवेदन काढलं की निर्णय चुकला. मधल्या क्षणी ऑस्ट्रेलियाच्या निक फिप्सचा बॉलला हात लागला होता, त्यामुळे पेनल्टी नव्हे, आधीच्या नॉक-ऑनसाठी (हातून बॉल पुढे निसटणं) ऑस्ट्रेलियाला स्क्रम मिळायला हवा होता. टीएमओला हे विचारायची परवानगी नव्हती, हेही त्यात होतं.

निवेदनातलं अक्षर न् अक्षर खरं मानू. तरी त्यानं काय झालं? त्या अख्ख्या स्पर्धेतल्या शेकडो निर्णयांपैकी एकच उचलून भर चौकात टांगला गेला. त्याच सामन्यातले स्कॉटलंडच्या बाजूनं गेलेले निर्णय तपासले का, हे कुणी सांगितलं नाही. उपांत्य फेरीपासून पुढच्या एकाही सामन्यात जूबेअरला शिटी मिळाली नाही. कबुली एकदाच आणि एकाचीच दिली की ती शिक्षा होते. नेमानं, सगळ्यांची दिली असती तर स्क्रमऐवजी पेनल्टी ही एक तांत्रिक नोंद राहिली असती. शेवटी स्क्रमही ऑस्ट्रेलियालाच मिळणार होता, आणि तिथून काय घडलं असतं ते देव जाणे.

मौनाचं दुसरं फळ २०२१ मध्ये दिसलं. ब्रिटिश अँड आयरिश लायन्सनं (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा संघ) दक्षिण आफ्रिकेविरुद्धची पहिली कसोटी २२-१७ अशी जिंकली. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संचालक रासी इरॅस्मस यानं तासाभराहून मोठी चित्रफीत केली आणि त्या सामन्याचा रेफरी निक बेरी याचा एकेक निर्णय सोलून काढला. ती जगभर पसरली. इरॅस्मसला दोन महिने सगळ्या रग्बीतून आणि जवळजवळ वर्षभर सामन्याच्या दिवसापासून दूर ठेवण्यात आलं. शिक्षा योग्यच होती. एका माणसाला असं एकट्याला गाठणं अमानुष आहे. पण त्या चित्रफितीला एवढे प्रेक्षक का मिळाले? कारण त्या निर्णयांबद्दल बोलणारा दुसरा कुणी नव्हता. प्रशिक्षकांनी प्रश्न पाठवायचे, वरिष्ठांनी गुपचूप उत्तर द्यायचं, ही पद्धत आधीपासून आहे. सामान्य प्रेक्षकाला त्यातलं काही कळत नाही. रिकामी खुर्ची दिसली की आरडाओरडा करणारा तिच्यावर बसणारच.

जुलै २०२५ मध्ये मेलबर्नला पुन्हा तेच. लायन्सच्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या दुसऱ्या कसोटीत अखेरच्या क्षणी ह्यूगो कीननचा ट्राय, लायन्स २९-२६ असे विजयी, मालिका खिशात. ट्रायच्या आधीच्या रकमध्ये लायन्सच्या जॅक मॉर्गननं ऑस्ट्रेलियाच्या कार्लो टिझानोला उडवलं होतं. मानेला धक्का लागला का, हा प्रश्न. रेफरी आंद्रेया पियार्दीनं रिप्ले बघितले, दोघं एकाच वेळी पोहोचले असं कारण मोठ्यानं दिलं आणि ट्राय कायम ठेवला. मला स्वतःला ती पेनल्टी वाटली, आणि ऑस्ट्रेलियाचा प्रशिक्षक जो श्मिट चिडला यात काही चुकलं नाही. पण पियार्दीनं मैदानावर जेवढं केलं त्याहून अधिक त्याच्याकडून मागता येणार नाही. कमी पडले ते नंतरचे. वर्ल्ड रग्बीच्या मुख्याधिकाऱ्यानं रेफरीला पाठिंबा जाहीर केला, ठीक. पाठिंबा म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. डोक्या-मानेच्या सुरक्षेबाबत जो खेळ रोज नवे दंडक आणतो, त्यानं या रकला ते दंडक कसे लावले हे कलमागणिक सांगायला हवं होतं.

माझी सूचना खर्चिक नाही. कसोटी सामन्यातल्या रेफरीच्या कामगिरीचं मूल्यमापन आजही होतं. ते फक्त बाहेर आणायचं. सगळं नव्हे. कार्डं, दिलेले आणि नाकारलेले ट्राय, गुण मिळालेल्या पेनल्ट्या, आणि दोन्ही संघांनी विचारलेले मोजके प्रश्न. सामन्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, डोकी थंड झाल्यावर. प्रत्येकापुढे बरोबर, चूक, किंवा 'दोन्ही मतं शक्य' यांपैकी एक शेरा आणि दोन ओळी कारण. तिसरा शेरा सर्वात जास्त वेळा येईल अशी माझी खात्री आहे, आणि तो वारंवार दिसणं हेच लोकांचं खरं शिक्षण ठरेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. रेफरींना आधीच धमक्या येतात, त्यांच्या चुका सरकारी शिक्क्यानिशी छापल्या तर त्यांचं जगणं मुश्कील होईल. आक्षेप गंभीर आहे आणि त्याला भक्कम आधारही आहे. अमेरिकेतल्या एनबीएनं २०१५ पासून अटीतटीच्या बास्केटबॉल सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांतल्या पंचगिरीचा अहवाल प्रसिद्ध करायला सुरुवात केली, आणि तिथल्या पंचांच्या संघटनेनं त्याला उघड विरोध केला. काही खेळाडूंनीही केला. पण ते का खटकतं ते बघा. फक्त शेवटची दोन मिनिटं तपासली की सामना शेवटच्या निर्णयानंच हरला-जिंकला असा समज पक्का होतो. जूबेअरच्या बाबतीत झालं ते हेच. पहिल्या मिनिटापासून तपासलं तर आठव्या मिनिटाची हुकलेली पेनल्टीही तितकीच ठळक दिसेल, आणि शेवटच्या शिटीवरचं ओझं वाटलं जाईल. आणि गप्प राहून रेफरी वाचले आहेत का? बार्न्स, फोली, बेरी, जूबेअर, लॉरेन्स ही सगळी नावं मौनाच्या काळातलीच आहेत.

दुसरा आक्षेप असा की निकाल तर बदलत नाही, मग उकरून फायदा काय? निकाल बदलूच नये. डीन्सचा ट्राय आज कुणी दिला तर वेल्समध्ये पुन्हा १९०५ सुरू होईल. फायदा पुढच्या सामन्याचा आहे. रेनालसारखा निर्णय उद्या दुसऱ्या रेफरीकडूनही अपेक्षित आहे का, हे खेळाडूंना आदल्या आठवड्यात कळेल. कुठलं कलम वारंवार 'दोन्ही मतं शक्य'मध्ये अडकतंय ते दिसेल, आणि मग दोष माणसाचा नाही, कलमाचा आहे हे नियम लिहिणाऱ्यांना टाळता येणार नाही. प्रशासनाला या सूचनेची खरी भीती इथेच असावी, असा मला संशय आहे. रेफरीला पुढे केलं की नियमांच्या पुस्तकाकडे कुणी बघत नाही.

पुरुषांचा पुढचा विश्वचषक ऑक्टोबर २०२७ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू होतोय, प्रथमच २४ संघांचा, ५२ सामन्यांचा. त्याआधी सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा संघांच्या स्पर्धेच्या एका हंगामात हे करून बघता येईल : पंधरा सामने, पंधरा टिपणं. पहिली दोन-तीन टिपणं वर्तमानपत्रं फाडून खातील. दहाव्या टिपणापर्यंत ती क्रीडा पानाच्या खालच्या कोपऱ्यात गेलेली असतील. आणि बंकरमधला माइक तर उद्याच्या सामन्यापासूनही चालू करता येईल, त्यासाठी स्पर्धेची वाट बघायचंही कारण नाही.